भोंगा वाजला आणि घाट भरला

भोंगा वाजत होता आणि घाट रिकामा व्हायच्या ऐवजी भरत चालला होता.

सराफ बाजाराकडून, भांडी बाजाराकडून, पंचवटीच्या अंगाने, जिथून वाट मिळेल तिथून माणसं नदीकडे उतरत होती. कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या गळ्यात कॅमेरा. एक गृहस्थ तर बनियनवर, अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण तसाच. मी त्यांना अडवलं.

"कुठं निघालात? भोंगा ऐकू येत नाही का?"

"ऐकूनच आलो ना! पाणी कुठवर आलंय?"

मी तेव्हा अग्निशमन दलात स्टेशन ऑफिसर होतो. पावसाळ्यात धरण भरलं की पाणी सोडतात. त्याला आमच्या भाषेत विसर्ग म्हणतात. ते पाणी शहरात पोचायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात घाटावरचे विक्रेते हलवायचे, हे आमचं काम. पूर्वी आमची माणसं खाली जाऊन हाका मारायची. मग वरून हुकूम आला की आता शास्त्रीय पद्धत हवी. संशोधक, प्रशासन आणि प्रत्यक्ष काम करणारे, अशा तिघांची समिती झाली.

संशोधक म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातले बर्वे सर. त्यांनी पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर बनवला होता. पाणी ठरलेल्या खुणेवर आलं की भोंगा आपोआप वाजणार. यंत्र खरोखर चांगलं होतं. प्रशासनाकडून एक उपायुक्त साहेब होते. तिसरा मी. वर्षभर मीटिंगा चालल्या. बर्वे सर मीटर आणि सेंटिमीटर बोलायचे, साहेब उद्घाटनाला कोण पाहुणा बोलवायचा ते बोलायचे, मी विचारायचो की बॅटरी कोण बदलणार. ऐकून घ्यायची ताकद कुणातच उरली नव्हती.

आम्ही तिघंही अस्सल नाशिकचे. लहानपणी वडिलांचं बोट धरून पूर बघायला गेलेले. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, यावर वाद घातलेले. पूर आला म्हटल्यावर नाशिककर घरात थांबत नाही, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मीटिंगच्या खोलीत शिरताना ते चपलांबरोबर बाहेरच राहिलं असावं.

त्या दिवशी याची किंमत भरायची वेळ आली ती सुमनबाई अहिरेंवर. घाटावर त्यांची पूजेच्या सामानाची हातगाडी असे. नवऱ्याला लकवा झालेला. तो गाडीशेजारी बसून असायचा. पाणी वाढलं की सुमनबाई माल पोत्यात भरून आधी वर पाठवायच्या आणि मग रिकाम्या गाडीवर नवऱ्याला घालून बोळातून वर न्यायच्या. त्या दिवशीही तशाच निघाल्या. पण वरून सगळं गाव खाली येत होतं. बोळाच्या तोंडाशी गाडी अडकली. पुढे जाईना, मागे घेता येईना, आणि पाणी चाकाला लागलेलं.

"सरका ओ! माणूस हाय गाडीवर!" सुमनबाई ओरडत होत्या. गर्दी त्यांच्या डोक्यावरून नदीकडे बघत होती.

माझ्या एका फायरमनने अहिरेंना पाठुंगळी घेतलं, दुसऱ्याने कोपरांनी वाट काढली आणि त्यांना वर नेलं. मी सुमनबाईंचा हात धरून मागोमाग. आम्ही वर पोचलो तोवर गाडी पाण्याने ओढून नेली होती.

"मावशी, वाचलात," मी म्हणालो.

"दरसालला आमचं आमी निघतो, साहेब. तो भोंगा नसता वाजला तर आजबी निघालो असतो."

मी त्यांना अहिरेंजवळ नेऊन बसवलं.

पूर ओसरल्यावर मीटिंग झाली. साहेब खुशीत होते.

"भोंगा वेळेवर वाजला की नाही? मग सिस्टीम सक्सेसफुल. आणखी दोन बसवू."

बर्वे सरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "सर, माझा भोंगा बंद करा."

"बंद? अहो, उद्घाटन झालंय त्याचं!"

बर्वे सरांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटला. स्वतःचं यंत्र बंद करा म्हणणारा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. शेवटी मीच तोड काढली. सेन्सर राहू द्या, पण त्याची घंटा फक्त आमच्या केंद्रात वाजू द्या. आम्ही गुपचूप जाऊ, घाट मोकळा करू, बोळांच्या तोंडाशी दोर बांधू. मग हवा तेवढा भोंगा वाजवा.

"म्हणजे भोंगा वाजणार ना?" साहेबांनी खात्री करून घेतली आणि सही केली.

पुढच्या पुराला तसंच केलं. घंटा झाली, आम्ही गाडीचा सायरन न लावता उतरलो. विक्रेते निघाले. सुमनबाई नव्या हातगाडीवर नवऱ्याला घेऊन सगळ्यांच्या आधी वर. दोर बांधले आणि मग भोंगा. पाठोपाठ गाव आलं, दोराशी थांबलं आणि नीट दिसत नाही म्हणून आम्हालाच शिव्या घालू लागलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की भोंग्यामुळे घाट रिकामा. साहेबांचा फोटोही होता.

आदल्या दिवशी दोराशी जमलेल्या गर्दीतच सुमनबाईंनी मला हाक मारली होती. मला वाटलं, आता आभार मानणार.

"साहेब, ह्यांना हितून दिसंना झालंय. गाडी जरा दोराच्या पुढं घेऊ का?"

गाडीवरून अहिरे मान उंचावून नदीकडे बघत होते.

मी नाही म्हटलं. दोघंही माझ्यावर रागावले. इशारा कसा द्यायचा ते आम्ही तिघांनी मिळून शोधलं. ऐकणारा काय करेल, ते मात्र दरवेळी खाली उतरूनच बघावं लागतं.