सोमाचं वाघनख

हसायचं नाही म्हटलं तर तुम्ही आधीच हसाल, म्हणून हसा बापडे. पण तुम्ही घडवलेला पहिला नवा नमुना कोणता, असं कुणी विचारलं की मी अजून विषय बदलतो. लोकांना वाटतं, एखादा हार असेल, नाहीतर मोत्याचे झुमके. कसला हार घेऊन बसलात? त्या नमुन्यानं एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती, आणि त्याच्या मागोमाग माझा.

आमचं सुपं गाव तेव्हा धरणाच्या पाण्याखाली गेलं नव्हतं. तिथल्या बाजारात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सोनारकामाचं दुकान होतं. मी बेळगावात दोन वर्षं काम शिकून परत आलो होतो आणि बरोबर एक वही आणली होती. तिच्यात पानापानावर मीच काढलेले नव्या धर्तीचे दागिने. आप्पांनी वही चाळली आणि म्हणाले, "झकास हाय. पर घालणार कोण?"

मला राग आला. येणारच ना? वयच तसं होतं.

मग आप्पा आठ दिवसांसाठी खानापूरला लग्नाला गेले, आणि नेमका दुसऱ्या दिवशी सोमा वेळीप आला. अणशीकडचा शेतकरी; सुगी झाली की रानात बांबू तोडायला जायचा. गळ्यात काळ्या दोऱ्यात वाघनख. आज्यापासून घरात आलेलं.

"शेट, दोरा सारखा तुटतोय. चांदीत बसवून द्या."

आता हे काम सरळ आहे. नखाच्या मुळाशी चांदीची टोपी बसवायची, आत लाख भरायची, वर कडी लावायची. आमच्या घरात तीन पिढ्या हेच करत आल्या. पण मी म्हटलं, टोपी कशाला? नखाला बारीक भोकं पाडू, त्यातून चांदीची तार वेलीसारखी फिरवू. वहीच्या सातव्या पानावर होतंच काढलेलं.

पहिलं भोक छान पडलं. दुसऱ्याला नख उभं चिरलं आणि दोन तुकडे होऊन माझ्या मांडीवर पडलं.

सोमाच्या आज्याचं नख! आप्पांना कळलं तर ते मला दुकानाची पायरी चढू देणार नाहीत, हे नक्की. मग मी काय केलं? खरं सांगून मोकळा झालो असतो तर आज तुम्हाला सांगायला काय उरलं असतं? आप्पांच्या पेटीत सुरीच्या मुठीसाठी आणलेला बैलाच्या शिंगाचा पांढुरका तुकडा होता. तो घासून घासून नखाचा आकार दिला, चहाच्या पाण्यात भिजवून पिवळट केला आणि वर चांदीची वेल चढवली. खोटं कशाला बोलू, दिसत होतं फार देखणं.

सोमानं ते उलटसुलट पाहिलं. "नवं झाल्यागत दिसतंय," म्हणाला. मी पेटी आवरायला लागलो. पण त्यानं ते गळ्यात घातलं आणि खूश होऊन गेला.

आठवडाही झाला नसेल, त्याची बायको गंगाक्का दुकानात आली. डोक्यावर टोपलीभर कोनफळं.

"ही तुमास्नी, शेट. लई उपकार झालं."

"कसले उपकार?"

"आदी आमचे मालक रानात चौघं बरोबर असल्याबिगर जाईत नव्हते. आता तिकडं ठेकेदाराच्या तळावर वाघानं दोन बैल नेलं, तर बाकीची माणसं पळून आली. ह्ये एकलेच ऱ्हायलेत. म्हणत्यात, चांदीनं नखाला त्याज आलंय, मला काय भ्या?"

ती गेली. मी त्या कोनफळांकडे बघत बसलो. सांगतो तुम्हाला, इतका मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो. तो माणूस वाघाच्या तोंडी उभा होता, आणि कशाच्या भरवशावर? मी घासलेल्या शिंगाच्या.

दुकानाला कुलूप लावलं आणि लाकडाच्या लॉरीत चढलो. त्या चिरलेल्या नखाचे दोन तुकडे रुमालात बांधून खिशात. अणशीच्या अलीकडे ड्रायव्हरनं पायवाट दाखवली आणि म्हणाला, "तळ दोन मैल आत हाय. परत येताना दिसलात तर घेतो."

दिसलात तर! हे काय बोलणं झालं?

भर दुपार, पण आत बांबू इतका दाट की अंगावर ऊन पडेना. पाचोळा वाजला की मी थांबायचो. मग कळायचं, माझ्याच पायानं वाजला होता. मारुतीचं नाव घेत पुढं सरकायचो. तुम्ही म्हणाल, सोनाराचं पोर, एवढं भित्रं? अहो, मी लहानपणी मांजरालाही वाट देत असे.

तळावर सोमा एकटाच बांबूच्या मोळ्या बांधत होता, वर तोंडानं काही गुणगुणत होता.

"शेट? तुम्ही हितं?"

मी एका दमात सगळं सांगितलं. रुमाल सोडून तुकडे दाखवले. मला वाटलं, आता कोयता घेऊन माझ्यावर येतो. पण तो हलला नाही. त्याचा हात हळूहळू गळ्याकडे गेला.

"मग ह्ये काय हाय?"

"शिंग."

"कशाचं?"

"बैलाचं."

सोमाचा चेहरा पांढराफटक पडला. "बैलाचं? शेट, हितला वाघ बैलच खातोय न्हवं!"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्याला नुसतं उघडं सोडलं नव्हतं, आमिष बांधून सोडलं होतं.

त्यानं ते गळ्यातून ओढून लांब फेकलं. तेवढ्यात बांबूत काहीतरी खसपसलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आम्ही दोघं एका झाडावर होतो. खालून एक रानकोंबडी निघून गेली, अगदी सावकाश. चार दिवस एकटा राहिलेला माणूस माझा दंड धरून कापत होता. हे माझं कर्तृत्व. खरं बोलून मी एक धीट माणूस भित्रा केला.

"सोमा, चल. लॉरी जाईल."

"व्हय. तुम्ही म्होरं व्हा."

"मी का? रान तुझं."

"खोटं तुमचं."

मी पुढं झालो. जाता जाता फेकलेलं ते शिंग उचललं. म्हटलं, चांदी आहे, वाया का घालवा?

संध्याकाळी दोघं सुप्याला पोचलो, तर आप्पा लग्नाहून येऊन कुलपापाशी उभे. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी नखाचे तुकडे लाखेनं जोडले, त्यावर जरा उंच टोपी चढवली, आणि चीर दिसेनाशी झाली. घटकाभराचं काम. आज्याचं नख गळ्यात पडल्यावर सोमाच्या तोंडावर रक्त आलं.

मग आप्पा माझ्याकडे वळले. "आणि तुझ्या गळ्यात काय हाय?"

मी मान खाली घातली. ते शिंग मीच घासलं होतं. घासताना त्याचा वास माझ्याच नाकात गेला होता, चहाही मीच पाजला होता. आणि सबंध रान मी ते गळ्यात घालून, मुठीत घट्ट धरून पार केलं होतं.

"काढ ते," आप्पा म्हणाले.

"उद्या काढतो, आप्पा. अजून परसाकडं जायचं हाय."