सॅमसन झिराडकर प्रस्तुत

जांभळा कोट आणि पांढरे बूट घालून भाजी आणायला जाणारा पनवेलमध्ये एकच माणूस, सॅमसन झिराडकर. त्याच्या ऑर्केस्ट्रात मी एकोणीस वर्षं कीबोर्ड वाजवला. कार्यक्रम चालू असताना तो खुर्चीत बसलेला एकदाही पाहिला नाही. पडदा वर गेला की विंगेत येरझारा, मग मागच्या दाराने बाहेर, लगेच पुन्हा आत.

आधी तो रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. तिथल्या वार्षिक समारंभात गायिका वेळेवर पोचली नाही, म्हणून कोणीतरी त्याच्या हातात माइक दिला. त्याने पाऊण तास लोकांना हसवत ठेवलं आणि पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला. बायकोला, तमारला, ते नंतर कळलं. ती शाळेत गणित शिकवायची. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात नोकरी सोडून तमाशे करणारा जावई, म्हणून माहेरची माणसं वर्षभर बोलत नव्हती. तिने घर सांभाळलं, त्याने ऑर्केस्ट्रा.

तमार निवृत्त झाली तेव्हा मुलगा डॅनी इस्रायलमध्ये, अश्दोदला, स्थिरावला होता. "आता माझी पाळी," ती म्हणाली. सॅमसनला नाही म्हणायला तोंड नव्हतं. पनवेलजवळचा करंजाड्याचा फ्लॅट बंद करून दोघं गेली.

तिथून मला रोज फोन. "स्वानंद, समुद्र आहे, नात आहे, सगळं छान आहे." आणि लगेच पुढे, "काल इथल्या मराठी लोकांसाठी कार्यक्रम केला. सातला म्हटलं तर सातला सगळे हजर! कोणाची वाट बघायची नाही, कोणावर ओरडायचं नाही. मी करू काय?"

पाचव्या महिन्यात तो एकटाच परत आला. "एकच शो करतो," असं तमारला सांगून. कोळीगीतांचा शो, आणि स्टेजवर खरी होडी! त्यासाठी त्याने करंजा बंदरातल्या होडीवाल्या दादू नाखव्याला गाठलं.

दादू म्हणाला, "सॅमसनशेट, होरी पान्यान चालते, रस्त्याव नाय."

"म्हणूनच लोक बघायला येतील!"

होडी ट्रेलरवरून पनवेलला आली. सॅमसनने स्टेज तीनदा मोजलं होतं, मैदानाचं फाटक मात्र मोजलं नव्हतं. ते वीतभर अरुंद निघालं. आत माणसं खुर्च्यांवर बसून शिट्ट्या मारत होती. सॅमसन होडीभोवती फेऱ्या मारत राहिला.

"होडीशिवाय करू," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. ट्रेलरवर चढला आणि माइकमध्ये ओरडला, "मंडळी, आपापली खुर्ची उचला आणि बाहेर या!"

आणि लोक आले. काहींनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या होत्या. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सगळे बसले. आमची गायिका किशोरी होडीत उभी राहून गायली, आणि तोल जाऊ नये म्हणून दादू खालून तिच्या पायांवर नजर ठेवून होता.

मधेच तमारचा व्हिडिओ कॉल आला. "तो कुठे आहे? दाखव मला."

मी फोन फिरवला. सॅमसन प्रेक्षकांच्या मागे चालत होता, बूट चिखलाने माखलेले, ओठांवर गाण्याचे शब्द. ती बराच वेळ पाहत राहिली.

"इथे सारखा गॅलरीत जाऊन उभा राहायचा," ती म्हणाली. "मला वाटलं, सवय होईल." मग म्हणाली, "मी डिसेंबरमध्ये येते. आत्ता त्याला सांगू नकोस, नाचायला लागेल आणि घसरून पडेल."

ती आली. तेव्हापासून तिचं अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे. नातीने पहिल्यांदा 'आजी' म्हटलं ते तिने करंजाड्यात बसून फोनवर ऐकलं. आनंदाने सांगता सांगता ती स्वयंपाकघरात निघून गेली. सॅमसन माझ्यासमोर उभा होता. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला.

दोन आठवड्यांपूर्वी मात्र तो स्वतःहून तिच्याबरोबर गेला, पूर्ण तीन महिन्यांसाठी. काल फोन आला. धापा ऐकू येत होत्या; लिफ्ट असून जिना चढत-उतरत होता.

"तेरा दिवस झाले," तो म्हणाला. "परत जाऊया असं अजून तिला एकदाही म्हणालो नाही."