कापा म्हणायची सवय

मी सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे कामाला आहे. बागेतला घड कापायला झाला की नाही, हे सांगणं माझं काम. पूर्वी त्यासाठी मोटारसायकलवर बागा फिरायचो, फण्यांवर हात फिरवायचो, शेतकऱ्याकडचा चहा प्यायचो. आता शेतकरी घडाचा फोटो पाठवतो. मी दोन बोटांनी तो मोठा करतो, केळाच्या कडा गोल झाल्यात का बघतो आणि 'कापा' असं कळवतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हेच. या सुधारणेत चहा तेवढा गेला.

सहाला फोन खिशात गेला तरी डोळ्यांपुढून घड जात नाहीत. एकदा जेवताना भाकरीवरचा काळा डाग नीट बघावा म्हणून मी तिच्यावर दोन बोटं ठेवून फाकवली. भाकरी मोठी झाली नाही. बायकोने ते पाहिलं आणि ताटात आणखी एक वाढली.

घरी वडील आहेत. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आई गेली त्या वर्षी त्यांनी घराचा कारभार माझ्या हाती दिला. आमच्याकडे कारभार दिला म्हणजे दिला. मग बाप पोराच्या शब्दाबाहेर जात नाही. गहू कोठीत कधी भरायचा, हेही ते मला विचारत. बायको शेतात गेली की दिवसभर ते एकटेच असत. संध्याकाळी अंगणातल्या निंबाखाली दोन खाटा टाकून माझी वाट बघत. मी येऊन आडवा व्हायचो. आराम म्हणजे पाठ खाटेवर आणि डोकं दुसऱ्याच्या बागेत. आबा बोलायचे, मी हो ला हो करायचो.

गेल्या उन्हाळ्यात निंबाच्या फांद्या विजेच्या तारेला लागू लागल्या. वायरमन आबांना म्हणाला, फांद्या छाटा, नाहीतर झाडच काढा. हे मला पुढे बायकोकडून कळलं. म्हणजे आबांनी ते मला सांगितलं होतंच. ओळीने तीन संध्याकाळी त्यांनी मला एकच विचारलं, झाड कापायचं का. तिन्ही वेळा मी डोळे मिटून म्हणालो, कापा. तिसऱ्या वेळी तर म्हणे 'उद्या सकाळी कापा' म्हणालो. मजूर किती लागतील तेही सांगितलं.

चौथ्या दिवशी घरी आलो तर अंगणात भलताच उजेड. खोड आडवं पडलेलं, फांद्यांचा ढीग एका बाजूला, आणि दोन्ही खाटा नेहमीच्या जागी, उन्हात. एका खाटेवर आबा डोक्याला रुमाल बांधून बसलेले. मी संतापलो. कोणाला विचारून कापलं, फांद्या छाटून भागलं नसतं का, सगळ्यांनी अक्कल गहाण ठेवली का, असं मी वायरमनच्या नावाने, मजुरांच्या नावाने आणि शेवटी बायकोला बोललो. चोराच्या उलट्या बोंबा. तुम्हीच तर सांगितलं, असं म्हणून बायकोने तीन संध्याकाळचं सगळं माझ्यापुढे मांडलं, आबांच्या मनात कापायचं नव्हतं हेही. मला त्यातलं काही आठवेना. त्या तीन दिवसांत कापायला सांगितलेल्या बागा मात्र गावांसकट आठवत होत्या.

मी आबांना विचारलं, तुम्हाला नको होतं तर कापलं कशाला?

"कारभार तुहा हाये," आबा म्हणाले. "पन तीनदा इचारलं ते काहून? एक डाव तरी तू नको म्हनशीन, असं वाटलं व्हतं माले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली आणि रडू आलं. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून मी तोंड फिरवलं. ऊन येतच होतं.

आता मी घरी आलो की फोन कोठीवर ठेवतो आणि जेवण होईपर्यंत त्याला हात लावत नाही. पहिला आठवडाभर बोटं खाटेच्या नवारीवर चालत होती, आता बरी आहेत. ऊन उतरलं की दोन्ही खाटा अंगणात येतात. आबा काही बोलले की मी कूस बदलून त्यांच्याकडे बघतो आणि मगच उत्तर देतो.

परवा यंदाचा गहू कोठीत भरायचा होता. मी शेजारच्याच खाटेवर होतो, जागा होतो, त्यांच्याकडेच बघत होतो. आबांनी सुनेला हाक मारली आणि कधी भरायचा ते तिला विचारलं.