समुद्राचा हिरवा

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसती वाफ. मग हळूहळू दिसू लागतो तांब्याचा हंडा, त्यात उभा लाकडी दांडा आणि त्या दांड्यावर हनुवटी टेकून बसलेले रंगारीमामा. नाटक मंडळीचे कपडे रंगवण्यात त्यांची चाळीस वर्षं सरली होती. नखं कायमची जांभळी. नियम एकच: वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा रंग करायचा नाही. डाळिंबी सांगितला की आधी डाळिंब फोडायचे आणि रंग जमला की दाणे खाऊन टाकायचे.

आज मात्र पेच होता. मंडळीतल्या थोरल्या बाई आपल्या शेवटच्या प्रयोगासाठी आईचा पांढरा रेशमी झगा देऊन गेल्या होत्या. रेशीम इतकं जुनं, की हंड्यात एकदाच टिकेल; दुसऱ्यांदा घातलं तर चिंध्या. सोबत इंग्रजी चिठ्ठी: सी-ग्रीन.

"सी म्हणजे समुद्र, ग्रीन म्हणजे हिरवा," नातीनं वाचून दाखवलं.

"मग समुद्र करू की हिरवा करू?"

"आजोबा, दोन्ही मिळून एकच रंग. हिरवे काय थोडे असतात? त्यातला कुठला, ते पहिला शब्द सांगतो. समुद्रासारखा हिरवा, जरा निळ्याकडे झुकलेला. कापडाला म्हणतात, कुणाच्या डोळ्यांनाही म्हणतात."

"आली मोठी मास्तरीण!"

पण मामांनी समुद्र पाहिला होता कुठे? दौऱ्यावर कपडे जायचे, मामा हंड्यापाशीच राहायचे. मग एकदम आठवलं, पाहिलाय की! गोदामात जहाजाच्या प्रवेशाचा रंगवलेला पडदा होता. त्यांनी तो उलगडला, लाटेशी ताडून एक चिंधी रंगवली आणि बाईंना बोलावणं धाडलं.

बाईंनी चिंधी उजेडात धरली. "अगंबाई! मामा, या समुद्राला कावीळ झालीय!"

वर्षानुवर्षं दिव्यांखाली पडदा पिवळा पडला होता. मामांचा चेहरा उतरला. "बाई, झगा परत न्या. माझ्या हातून तुमच्या आईची वस्तू नको बिघडायला."

बाई पालथ्या टोपलीवर बसल्या. "डोळे मिटा बरं. सकाळ आहे. लाट उठलीय, अजून फुटली नाही. तिच्या मागं ऊन आहे. पातळ कडेतून ते आरपार येतं ना मामा, तेवढ्यात हिरवी होते ती. धरायला जावं तर पाणीच."

मामांनी मिटलेले डोळे उघडले. मग उठले, हिरव्यात निळ्याची चिमूट टाकली आणि पिवळ्याचा डबा दूर सारला. झगा बुडाला, फिरला आणि दांड्यावर निथळत वर आला.

बाईंनी ओल्या रेशमावर गाल टेकला. "हाच हो, हाच! मामा, प्रयोग झाला की समुद्रावर चला. खरा दाखवते."

"नको बाई," मामा म्हणाले. "तिथला वेगळा निघाला तर हे परत हंड्यात घालता यायचं नाही."