सव्वा मूठ गहू

मेहरूणमधलं आमचं घर दोघांच्या नावावर होतं, अर्धं नवऱ्याचं, अर्धं माझं. घटस्फोटानंतर तो धुळ्याला आईकडे राहायला गेला आणि वकिलामार्फत निरोप आला, की घर विकून टाकू, नाहीतर माझा अर्धा हिस्सा तू घे. मी हट्टाला पेटले. बांगड्या मोडल्या, शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि हिस्सा घेतला. माहेरचे म्हणाले, दोघी मायलेकींना एवढं घर कशाला? खरं कारण मी कोणालाच सांगितलं नाही. बाई शाळेत विज्ञान शिकवते आणि तिला घर हवंय कानबाईसाठी, हे ऐकून लोक हसले असते.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. देवी म्हणजे नारळच. त्याला डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर नेऊन परत आणायचं आणि मग तोच नारळ वर्षभर जपायचा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. अक्कांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी तो नारळ धुळ्याहून आणून माझ्या ओटीत घातला. तेव्हापासून सात वर्षं कानबाई माझ्या घरी बसली. धुळ्याचे, दोंडाईच्याचे सगळे भाऊबंद दोन दिवस मुक्कामाला यायचे. दाराबाहेर चपलांचा ढीग, न्हाणीपुढे रांग, आणि गंगाफळाची भाजी ढवळून ढवळून माझा हात भरून यायचा. मी कुरकुर करायचे, नवऱ्यावर डाफरायचे, आणि इतकी सुखात मी एरवी कधीच नसायचे. घर राहिलं तर कानबाई राहील, कानबाई राहिली तर ही माणसं येत राहतील, असा माझा हिशोब होता.

हक्कसोडपत्राच्या दिवशी तो सकाळच्या बसने आला. वाळला होता. रजिस्ट्रार कचेरीतल्या कारकुनाने आमचे फोटो काढले, यंत्रावर अंगठे घेतले, आणि या घरावर तुमचा आता कसलाही हक्क राहत नाही, मान्य आहे ना, असं त्याला विचारलं. तो मान्य म्हणाला. बाहेर आल्यावर त्याने चहा घेऊ म्हटलं. शाळा आहे, असं सांगून मी निघाले. शाळा नव्हती, मी रजा टाकली होती. घरी येऊन कुलूप काढताना आठवलं, की त्याने सकाळपासून काही खाल्लं नसेल. फार वाईट वाटलं, पण फोन काही केला नाही.

कानबाईच्या रोटाची एक रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे आणि ते दळायचे. त्या पिठाच्या पोळ्या फक्त भाऊबंदांनी खायच्या. बाहेरच्याला द्यायच्या नाहीत, एक कणही वाया घालवायचा नाही. श्रावण लागताच मी गहू निवडले आणि सवयीप्रमाणे मोजायला बसले. पहिली सव्वा मूठ नेहमी नवऱ्याच्या नावाची असायची. ती परातीत पडली आणि मग माझ्या लक्षात आलं. मोजलेले गहू परत डब्यात टाकत नाहीत. मी तशीच परातीपुढे बसून राहिले. शेवटी अक्कांना फोन लावला आणि विचारलं, की त्याचे गहू इथे मोजायचे की धुळ्याला. शनिवारी येते, एवढंच त्या म्हणाल्या.

अक्का धाकट्या दिराला घेऊन आल्या. चहा झाला, नातीच्या मार्कांची चौकशी झाली, माझ्या कर्जाचीही झाली. मग त्या देव्हाऱ्याकडे बघत म्हणाल्या, “कानबाई भाऊबंदनी शे, माय. आते तुना घरमा मोजाले शे कोन?”

मी म्हटलं, तुमची नात आहे ना, तिच्या नावाने मोजू. त्यांनी नाही अशी मान हलवली. मुलींच्या नावाने मूठ घेत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? सात वर्षं मीच तर मोजत होते. एवढ्या वर्षांत लेकीच्या नावाची मूठ घ्यावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तेव्हा तिचा बाप घरात होता, माझं सगळं बरं चाललं होतं. आता कोणत्या तोंडाने भांडणार?

दीर नारळ घ्यायला उठला, तर अक्कांनी त्याला थांबवलं.

“तूच बसाडेल शे,” त्या मला म्हणाल्या, “तूच उचल.”

मी हात धुऊन आले आणि नारळ उचलला. आतलं पाणी कधीचं आटलेलं, तो अगदी हलका लागला. अक्कांच्या पदरात ठेवला तेव्हा त्यांनी माझं रिकामं मनगट धरलं आणि मोठ्याने रडल्या. मीही रडले. माझा त्यांच्यावर राग नव्हता, आणि राग धरायला कोणी नाही याचाच जास्त त्रास होत होता. जाताना परातीतले ते सव्वा मूठ गहूही त्यांनी रुमालात बांधून घेतले.

कानबाईच्या रविवारी काकाने लेकीला धुळ्याला नेलं. लग्न होईपर्यंत ती त्या कुळाची, तिला रोट चालतो. मी दोन दिवस घर पुसत बसले. आता सातबाऱ्यापासून वीजबिलापर्यंत सगळीकडे माझं एकटीचं नाव लागणार होतं, आणि दाराशी माझा एकटीचाच चपलांचा जोड होता.

सोमवारी संध्याकाळी लेक परत आली. तिने दप्तरातून कंपासपेटी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत वहीच्या कागदात गुंडाळलेला रोटाच्या पोळीचा तुकडा होता.

“सगळ्यांना मिळाला,” ती म्हणाली, “तुझ्यासाठी कोणी ठेवलाच नाही. मग मी माझ्यातला लपवून आणला.”

माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला सांगू. मी तो तुकडा तिच्या हातात परत ठेवला आणि म्हटलं, खा. ती नाही म्हणाली, मग रडली, मग रडत रडतच खाऊ लागली. थोडा चुरा तिच्या ड्रेसवर सांडला. तोही मी वेचला आणि तिच्याच तोंडात घातला.