भातातला खडा

आज जेवताना भातात खडा लागला. तांदूळ अक्कानं, म्हणजे माझ्या आईनं निवडले होते. आता तिला बारीक दिसत नाही. एके काळी तिच्या भातात खडा निघणं शक्यच नव्हतं.

दाताखाली कचकन झालं आणि मला विद्यानगरच्या कॉलेजातलं प्रदर्शन आठवलं. मी सुपरकंडक्टरचा प्रयोग दाखवत होते. द्रव नायट्रोजनची पांढरी वाफ टेबलावरून ओघळत होती. त्यात गारठलेली सुपरकंडक्टरची काळी वडी मी चिमट्यानं उचलली, तर तिच्याखाली बोटभर अंतरावर चुंबक अधांतरी लटकत वर आलं. ते पडेल म्हणून केशवापूरहून आलेल्या अक्कानं सगळ्यांसमोर खाली पदर धरला. तेव्हा मला लाज वाटली. आज त्या प्रदर्शनातला तो पदरच तेवढा डोळ्यांपुढं येतो.

“बिडूदिल्ल अक्का, सोडत नाही ते,” मी तेव्हा म्हटलं. “वडीत मुद्दाम बारीक दोष ठेवलेत. चुंबकाच्या रेषा तिथंच अडकून बसतात.”

“म्हणजे खड्यांनीच धरलंय म्हण,” ती म्हणाली. पदर मात्र आवरला नाही.

“खडा लागला काय गं?” समोर बसलेल्या अक्कानं आता विचारलं.

“असू दे,” मी म्हटलं. “त्यानंच धरलंय.”