छप्पर उचलायची मोटार

ज्या घरातल्या सुनेला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला गुपचूप शेजारीण बोलवावी लागते, त्या घरानं छप्पर उचलायची मोटार घेऊ नये. आम्ही घेतली.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा मुळशीत राहायचो. घरात माणसं तीन. मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. हे एका ठेकेदाराकडे मोजणीदार होते. धरणापलीकडच्या वाड्यांना कच्चा रस्ता कुठून काढायचा ते बघत महिन्यातले वीस दिवस डोंगरात, आणि उरलेल्या दहातले निम्मे दिवस घोरत. लग्नाला तीन वर्षं झाली तरी नवऱ्याशी माझं बोलणं "मीठ वाढू का?" याच्या पलीकडे गेलं नव्हतं. बाकी सगळा वेळ मी आणि आत्याबाई! त्या बोलायला लागल्या की समोरच्या टेकडीवर चरणारी गुरं मान वर करून बघायची.

अशात एक दिवस हे घरी आले ते हसत. (हे आधी कधी झालं नव्हतं. मला वाटलं, ऊन लागलं.)

"अगं, ठेकेदार म्हणतोय, पुण्याला गॅरेजात राहायच्या सोयीच्या दोन मोटारी आल्यात. कुणी साहेबलोक विकून गेलेत म्हणे. आत झोपायचं, आतच शिजवायचं. कामासाठी त्यातली एक घेऊन जा म्हणाला. आणि बायकोला न्यायचं तर न्या म्हणाला!"

त्यानंतरचं मी काही ऐकलंच नाही. मोटारीत फक्त आम्ही दोघं! डोंगर, वारा, एका ताटात भाकरी! मी उभ्या उभ्या पिशवी भरायला घेतली.

आत्याबाई जात्यावरूनच म्हणाल्या, "साधीसुदी बगून आना रं बाळू. तुमी दोगं मंजी आदीच..." आणि पुढचं दळणात गेलं. "आदीच काय," ते मला तेव्हा कळलं नाही.

आता मोटारीकडे जाण्याआधी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. आमचं लग्न जमलं ते खोट्यावर. तसं ते सगळ्यांचंच जमतं, पण आमचं जरा जास्त. मला बघायला आले तेव्हा आत्याबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "पानी भरतीया का?" माझी मावशी पदर सावरून म्हणाली, "पानी? अवो, डोईवर दोन हंडे आन काखंत भरली कळशी! पळत येती!" खरी गोष्ट अशी, की माझे हात शेवग्याच्या शेंगांसारखे. माहेरी पाणी माझ्या धाकट्या बहिणीनं भरलं. सासरी आल्यावर मी कळशी अर्धीच भरून आणायचे आणि दुप्पट खेपा करायचे. लोक म्हणायचे, "सून लई राबती!"

आणि यांच्याकडच्या मध्यस्थानं आमच्या बाबांना सांगितलं होतं, "गडी तालमीतला हाय." तेही खोटं नव्हतं. गडी तालमीत गेला होता. एकदाच. पहिल्याच दिवशी उजवा खांदा निखळला, आणि तेव्हापासून तो हात कानाच्या वर गेला की पुन्हा निखळायचा. हे मला कुणी बोललं नाही. हे सदरा घालताना आधी उजवी बाही घालून बाकीचा सदरा डाव्या हातानं ओढून घ्यायचे. मला वाटायचं, यांच्या घराण्याची रीत असेल!

तर आम्ही गॅरेजात गेलो. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या. पहिली उंच, चौकोनी, पाववाल्याच्या गाडीसारखी. रंग मळक्या धोतराचा. पण आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंची. दुसरी म्हणजे काय सांगू! बुटकी, गोंडस, खाली हिरवी नि वर सायीच्या रंगाची, खिडक्यांना फुलांचे पडदे. आत मात्र वाकूनच शिरायचं.

"हिच्यात उभं कसं राहायचं?" मी विचारलं.

गॅरेजचा मेस्त्री हसला. त्याच्या दंडात माझी कंबर मावली असती. एका हातात विडी धरून तो आत शिरला, दोन खिट्ट्या काढल्या, दुसऱ्या हाताचा तळवा छपराला लावला आणि... टक! अख्खं छप्पर वर! चारी बाजूंनी कॅनव्हासच्या भिंती ताणल्या, आणि वर झोपायला एक फळी सुटली.

"बगा, दुमजली! आतून बाकड्यावर उभं राहायचं आन ढकलायचं. येवढंच. थोडं जड हाय. जमंल न्हवं?"

शहाण्या माणसानं इथं पहिली मोटार घेतली असती. मी यांच्याकडे बघितलं. तालमीतला गडी! हे नक्की उचलतील. यांनी माझ्याकडे बघितलं. दोन हंडे आणि कळशी! ही नक्की उचलेल.

"किरकोळ आहे," हे म्हणाले.

"एवढं काय त्यात!" मी म्हणाले.

"एकदा करून बगता का?" मेस्त्रीनं विचारलं.

"कशाला?" आम्ही दोघंही एकदम बोललो. आयुष्यात तेवढं एकमत आमचं पुन्हा झालं नाही.

मुळशीत मोटार आली तशी अर्धं गाव गोळा झालं. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, बॉनेटला झेंडूची माळ घातली. मग आत्याबाई म्हणाल्या, "आता त्ये छप्पर उचला बगू. सगळी खोळंबल्याती."

"आज नको, आज अमावस्या आहे," हे म्हणाले.

"आरं मुडद्या, परवा पुनव झाली!"

"मग... नव्या वस्तूला पहिल्या दिवशी ताण देऊ नये," मी मध्ये पडले. "मेस्त्री म्हणत होता."

आत्याबाईंनी आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे, मग मोटारीकडे बघितलं. मग हळदकुंकवाचं ताट उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. धरणाच्या कडेकडेनं, खाचखळगे खात, चार वाजता एका वाडीच्या खालच्या माळावर मोटार लावली. समोर पाणी, मागे डोंगर, आसपास माणूस नाही. माझं स्वप्न अगदी चाकांवर उभं!

"तू छप्पर उचल," हे म्हणाले, "तवर मी दगड लावतो चाकाला."

"दगड मी लावते. तुम्ही उचला."

"बाईमाणसानं दगड उचलायचे?"

"आणि छप्पर उचलायचं?"

"अगं, तुला सवय आहे. दोन हंडे..."

"अहो, तुम्ही तालमीतले..."

पाण्यावर एक बगळा होता, तो उडून गेला.

"तसं ते... एकच दिवस गेलो होतो," हे म्हणाले.

"आणि माझी कळशी अर्धी असायची," मी म्हणाले.

तीन वर्षांच्या संसारातलं आमचं हे पहिलं मनमोकळं बोलणं. कुणी म्हणेल, छान झालं, मनं जुळली! काही जुळली नाहीत. आधी अर्धा तास भांडलो. तुमच्या मध्यस्थानं फसवलं, तुझ्या मावशीनं फसवलं, इथून सुरू झालं ते पार दोघांच्या पणज्यांपर्यंत गेलं. मग दमलो. भांडणात खर्च केली तेवढी ताकद छपराला लावली असती तर एक कोपरा तरी हलला असता!

शेवटी यांनी युक्ती काढली. "हातात जोर नाही, पण डोक्यात आहे." (मी नुसता अंबाडा घट्ट बांधला.) "तू बाकड्यावर उभी राहून डोक्यानं रेट. मी पाठीनं रेटतो."

खिट्ट्या काढल्या. मी डोकं लावलं, यांनी पाठ लावली. "एक... दोन... हर हर महादेव!" छप्पर वीतभर वर गेलं! मी आनंदानं मान वळवून यांच्याकडे बघितलं, तेवढ्यात यांची पाठ घसरली. छप्पर खाली आलं आणि माझा अंबाडा कॅनव्हासच्या घडीत आणि चौकटीत चपातीसारखा दाबला गेला. मी किंचाळले. मला सोडवायला यांनी सगळं विसरून उजवा हात वर घातला. कट्ट! खांदा निखळला. आता हे किंचाळले. मी अंबाड्याला लटकलेली, हे बाकड्याखाली गडगडलेले, आणि बाहेर कोण आहे म्हणाल तर फक्त शेळ्या! दारातून एक शेळी आत आली, शांतपणे झेंडूची माळ चघळत आमच्याकडे बघत उभी राहिली.

शेळीच्या मागून तिची मालकीण आली. ठकूबाई धनगरीण. वय असेल साठीचं, काखेला नातू.

"अगं बया! काय चाललंया ह्ये?"

"छप्पर... छप्पर उचला!" मी ओरडले.

"कुटलं? ह्ये व्हय?" नातू काखेतच ठेवून तिनं मोकळा हात वर केला. टक! छप्पर वर, अंबाडा मोकळा, मी खाली, यांच्या अंगावर!

"ह्या झाकनाला दोन मानसं लागली?" ठकूबाईनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं. मग तिनं यांचा लोंबता हात बघितला, नातू माझ्या मांडीवर ठेवला, यांच्या काखेत पाय रोवला आणि असा हिसका दिला की खांदा जागेवर आणि हे दुसऱ्या गावात!

"मेंढराचं बसिवते मी. मानसाचं काय येगळं आसतंय? मेंढरू आरडत न्हाई येवढंच."

ती रात्र उंच छपराखाली गेली. पण सकाळी मोजणीला पुढे जायचं, म्हणजे छप्पर पाडायचं. पाडायला ताकद लागत नाही. खिट्टी काढली की धप्पकन येतं! पाडलं. आणि ठकूबाई तर शेळ्या घेऊन कधीच वर निघून गेली होती. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटली, मग पुढचे चार दिवस आम्ही मोटारीत वाकून राहिलो. वाकून स्वयंपाक, वाकून जेवण. बाहेर आल्यावरही कंबर सरळ होईना. वाडीवरची माणसं म्हणायची, "पावनं लई नम्र हायेत!" आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते फक्त "आई गं" एवढंच.

पाचव्या दिवशी मुळशीला आलो. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. ठकूबाई बाजाराला येऊन गेली होती, हे त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"अंबाडा बरा हाय का?" त्यांनी विचारलं.

आता या म्हणणार, तू घरीच राहा, मोटार माघारी जाऊ दे. पुन्हा ते वीस दिवस, पुन्हा ते जातं! मी पायच धरले. "आत्याबाई, मावशी खोटं बोलली. माझी कळशी अर्धी असायची. पण मला यांच्याबरोबर जाऊ द्या."

"अगं आनशे, मला काय डोळं न्हाईत? भरली कळशी डुचमळत न्हाई. तुजी हिरीपास्नं घरापातुर नाचत यायची. तीन वरसं बगतीया." मग यांच्याकडे वळल्या. "आन ह्यो माजाच. ह्येचा खांदा मीच चार येळा बसिवलाय. म्हनूनच म्हनलं साधी बगून आना, तर आनली झाकनाची!"

आणि पदर खोचून त्या मोटारीत चढल्या. खिट्ट्या काढल्या. तळवा लावला. त्यांनी छपराकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघत होत्या. टक!

"कशाला माघारी धाडायची? बेस हाय की गाडी!"

मला रडूच आलं. एवढ्या मोठ्या मनाची सासू! आणि मी काय काय मनात आणत होते यांच्याबद्दल! त्यांनी मला मनापासून परवानगी दिली. "जा गं पोरी. नवऱ्यासंगं ऱ्हा." मी दोन वेळा नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटारीपाशी आले, तर आत्याबाई आत बसलेल्या. शेजारी वळकटी, जातं आणि पानाचा डबा.

"आत्याबाई, तुम्ही?"

"मग छप्पर कोन उचलनार, तुजी मावशी?"

त्या मोटारीत मी नवऱ्याबरोबर दोन वर्षं राहिले. खाली आम्ही दोघं, वरच्या फळीवर आत्याबाई. जो उचलंल त्यो वर निजंल, हा त्यांचा कायदा. दिवेलागणीनंतर मी यांच्या कानाशी काही कुजबुजले, की वरून हाक यायची, "मोट्यानं बोला गं, मला हितं काय सुदीक ऐकू येत न्हाई!"